गांजेकस : गुन्हेगार कीं रुग्ण ?



बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना तेथील उसाच्या फडांचें वर्णन करून सांगावयास नको. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी या बाजूस आलें त्याला एकशें चाळीस वर्षें होत आलीं. पुढें उजनीचें धरण झालें, आणि भीमाकांठचा इंदापूर तालुकाहि हिरवा झाला. ऊस पुरुषभर वाढला म्हणजे फडाच्या पोटांत काय चाललें आहे तें बांधावरून दिसत नाहीं. मग अधूनमधून वर्तमानपत्रांत एकादी बातमी येते, कधीं या जिल्ह्यांतली, कधीं शेजारच्या जिल्ह्यांतली : अमक्या शिवारांत उसाच्या किंवा मक्याच्या आडोशानें लावलेलीं गांजाचीं झाडें पोलिसांनीं उपटलीं, पंचनामा झाला, इतक्या किलोंचा, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त झाला. बातमी तेथें संपते. हा गांजा ओढणार कोण होतें, आणि ओढणाराचें पुढें काय होतें, हा प्रश्न तिच्यांत नसतो. आज मला तोच प्रश्न आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

एक चित्र डोळ्यांपुढें आणा. एकाद्या खेड्यांतील आई आपल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत बसली आहे. मुलाला रात्रीं झोंप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, कॉलेजांत तो जात नाहीं, आणि हल्लीं कोणीतरी आपल्याविषयीं कुजबुजत आहे असें त्याला वाटूं लागलें आहे. डॉक्टर विचारतात, "कांहीं व्यसन?" आई चटकन् म्हणते, "नाहीं हो साहेब, सुपारीचं खांडसुद्धां खात नाहीं माझं पोर." मुलगा खालीं पाहतो. केसपेपरवर झोंपेची गोळी लिहिली जाते आणि दोघें एस. टी. च्या थांब्याकडे चालूं लागतात. आई खोटें बोलली, पण तें डॉक्टरांना फसविण्यासाठीं नव्हे. तिच्या डोळ्यांपुढें फौजदार उभा होता. गांजा म्हटला कीं पोलीस चौकी, चौकी म्हटली कीं कोर्ट, कोर्ट म्हटलें कीं वकील आणि गहाण पडलेली जमीन, एवढी एकच सांखळी तिला ठाऊक. त्या सांखळींत दवाखाना कोठें बसतो, हें तिला कोणीं सांगितलेलेंच नाहीं.

आधीं ती वस्तु काय आहे तें पाहूं. भांग, गांजा आणि चरस हीं तीन झाडांचीं नांवें नव्हेत. एकाच झाडाचीं तीं तीन रूपें आहेत. पानें घोटून केली ती भांग. मादी झाडाचे राळेनें चिकट झालेले फुलोरे वाळवून दाबले म्हणजे झाला गांजा. आणि ती राळच निराळी काढली म्हणजे चरस. नशा आणणारें द्रव्य पानांत थोडें, फुलोऱ्यांत अधिक आणि राळेंत सर्वांत अधिक असतें. जातां जातां एक गैरसमज दूर करतों. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठीं ताग पेरतात, त्याला इंग्रजींत 'सन हेंप' म्हणतात. आणि अंबाडीच्या शास्त्रीय नांवांत 'कॅनाबिनस' हा शब्द येतो, कारण अंबाडीच्या कांहीं जातींचीं पानें गांजाच्या पानांसारखीं पंजाच्या आकारानें चिरलेलीं असतात. या दोहोंपैकीं एकाचेंहि गांजाशीं नातें नाहीं. अंबाडीची भाजी खाऊन कोणी झिंगल्याचें ऐकिवांत नाहीं !

गांजा ओढणाराला दंड करावा, औषध द्यावें कीं सोडून द्यावें, हा वाद परदेशांतून अलीकडे आपल्याकडे आला अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. या विषयावरील जगांतील पहिल्या मोठ्या सरकारी चौकश्यांपैकीं एक आपल्याच देशांत झाली. २ मार्च १८९३ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटांत बंगालमधील गांजाविषयीं प्रश्न निघाला. सरकारनें चौकशी बंगालपुरती न ठेवतां सर्व हिंदुस्थानभर करण्याचें ठरविलें, आणि सात सभासदांचें एक कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सातांपैकीं तिघे हिंदी होते. आपल्या मुंबई इलाख्यांतून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी हे होते. कमिशननें ११९३ साक्षी घेतल्या, आणि १८९४ सालीं अनेक खंडांचा आपला अहवाल सादर केला.

त्या अहवालांतील वेड्यांच्या इस्पितळांचें प्रकरण मला सर्वांत बोधप्रद वाटतें. इस्पितळांच्या नोंदवहींत वेडाचें कारण लिहिण्याचा एक रकाना असे, आणि त्यांत 'गांजा' हा शब्द जागोजाग आढळे. गांजानें माणूस वेडा होतो या समजुतीचा मोठा आधार तोच. कमिशननें विचारलें, हें कारण ठरविलें कोणीं ? शोध घेतां असें निघालें कीं रोग्याबरोबर पोलिसांकडून एक कागद येई; त्यांत कारण लिहिलें पाहिजे असा दंडक होता; आणि खरें कारण ठाऊक नसलें, पण रोगी केव्हां तरी चिलीम ओढीत असे एवढें कळलें, म्हणजे 'गांजा' लिहून रकाना भरला जाई. १८९२ सालीं इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांचें वेड या झाडाच्या माथीं मारलेलें होतें. कमिशननें एकेक प्रकरण पुन्हां तपासलें, शक्य तेथें नातलगांस विचारलें. अखेरीस उरले ९८, आणि त्यांतहि कित्येकांच्या बाबतींत दुसरीं कारणें मिसळलेलीं होतीं. उरले ते ९८ मात्र उरलेच, हेंहि विसरतां कामा नये.

कमिशनचा निर्णय असा झाला कीं बेतानें घेणाराला या पदार्थापासून फारशी इजा होत नाहीं, अतिरेक करणाराला होते, आणि संपूर्ण बंदी आवश्यकहि नाहीं व इष्टहि नाहीं. बंदी केली तर चोरटा व्यापार वाढेल, साधु-बैरागी आणि गोरगरीब विनाकारण त्रासले जातील, आणि लोक याहून वाईट नशेकडे वळतील, अशी त्यांना भीति होती. त्यांनीं सुचविलें तें असें : लागवडीस परवाना असावा, दुकानें मोजकीं असावींत, एका माणसाजवळ किती माल असावा यास मर्यादा असावी, आणि कर पुरेसा जबर असावा.

हा अहवाल कांहीं वेदवाक्य नव्हे. चौकशी करणारें सरकारच अबकारीचें उत्पन्न घेत होतें, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाहीं. शिवाय त्या काळीं नशेचें मूळ द्रव्यच सांपडलेलें नव्हतें. तें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें गेलें १९६४ सालीं, इस्रायलमध्यें. तथापि ओढणारा आणि त्याच्यावर धंदा करणारा हे दोघे वेगळे, आणि 'कारण' या रकान्यांत कांहीं लिहिण्यापूर्वीं माणसाला विचारावें, या दोन गोष्टी त्या कमिशनला उमगल्या होत्या.

पुढें वारें फिरलें. मुंबई प्रांतांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला आणि त्यांत दारूबरोबर भांग-गांजाहि आले. १९६१ सालीं न्यूयॉर्क येथें अंमली पदार्थांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतासारख्या देशांना औषधाव्यतिरिक्त होणारा गांजाचा वापर बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली होती. ती संपत आली असतां १९८५ सालीं आपल्या संसदेनें अंमली पदार्थांचा कायदा केला, आणि तोच आज सर्वत्र लागू आहे. त्यांतील गांजाच्या व्याख्येंत फुलोरा येतो. नुसतीं पानें व बी येत नाहींत. म्हणून उत्तरेंत कांहीं राज्यांत भांगेचीं दुकानें राजरोस चालतात. महाराष्ट्रांत मात्र १९४९ च्या कायद्यामुळें परवान्यावांचून भांगहि चालत नाहीं.

या कायद्याचें गणित समजून घेण्यासारखें आहे. २००१ सालच्या दुरुस्तीनें मालाच्या वजनावरून शिक्षेच्या तीन पायऱ्या ठरल्या. गांजा एक किलोपर्यंत असला तर ती 'अल्प मात्रा'; तीस एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंपासून 'व्यापारी मात्रा'. तीस दहा ते वीस वर्षें आणि जबर दंड. मधल्या वजनास दहा वर्षांपर्यंत. नुसत्या सेवनासहि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. झाड लावणाराला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊं शकते, आणि झाडें किती, हा प्रश्न त्या कलमांत विचारलेलाच नाहीं. फडांत शेंकडों झाडें लावून धंदा करणारा आणि परड्यांत एक रोप वाढूं देणारा म्हातारा, दोघे एकाच कलमाखालीं उभे राहतात. न्यायाधीश शिक्षा कमी देईल. पण तोंवरचे हेलपाटे, वकिलाची फी आणि गांवांतली बदनामी कमी होत नाहीं.

तथापि याच कायद्याच्या पोटांत एक दार ठेवलेलें आहे, आणि त्याविषयीं बोलणें हाच आजच्या भाषणाचा मुख्य हेतु. त्यांतील चौसष्ट-अ कलम असें सांगतें कीं सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयांत उपचारास गेला, आणि त्यानें ते उपचार पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालणार नाहीं. उपचार अर्धवट टाकले तर हें संरक्षण काढून घेतां येतें. एकोणचाळिसाव्या कलमानें न्यायालयासहि असा अधिकार दिला आहे कीं दोषी ठरलेल्या व्यसनी माणसास तुरुंगांत न धाडतां, त्याच्या संमतीनें व जामिनावर, उपचारासाठीं सोडावें. आमच्या चित्रांतील आईला या कलमांपैकीं एकहि ठाऊक नाहीं. आरोपीच्या पिंजऱ्याजवळ उभे राहणारे वकीलहि त्यांचा आधार घेतात तो थोडा. दार आहे, पण त्यावर पाटी नाहीं.

आतां 'गुन्ह्यांतून वगळणें' म्हणजे काय तें स्पष्ट केलें पाहिजे, कारण गोंधळ येथेंच होतो. गांजाचीं दुकानें मांडूं देणें निराळें, आणि ओढणाराला फौजदारी आरोपी न समजणें निराळें. पोर्तुगालनें जुलै २००१ पासून दुसरा मार्ग धरला. तेथें दहा दिवसांच्या वापरापुरता माल, गांजाच्या बाबतींत पंचवीस ग्रॅम, एवढाच जवळ सांपडला तर तो माणूस न्यायालयापुढें न जातां तिघांच्या एका मंडळापुढें जातो. त्यांत कायदा जाणणारे असतात, तसे आरोग्याचें व समाजसेवेचें काम करणारेहि असतात. हें मंडळ त्याची विचारपूस करून उपचार सुचवितें, कधीं दंड करतें, कधीं कांहींच करीत नाहीं. माल जप्तच होतो. विकणारा पूर्वींइतकाच गुन्हेगार आहे. उलट थायलंडनें २०२२ सालीं गांजा बंदीच्या यादींतून एकदम काढला. विक्रीचे नियम तयार नव्हते. दुकानें पावसाळी छत्र्यांसारखीं उगवलीं. आणि २०२५ सालीं डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विक्री नको, असें म्हणण्याची पाळी तेथील सरकारावर आली. या दोन देशांकडे पाहिलें तर आपण कशाची नक्कल करावी आणि कशाची करूं नये हें ठरविणें अवघड जाऊं नये.

आपलें सरकारहि या बाबतींत अगदीं कर्मठ राहिलेलें नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगानें गांजा अतिघातक पदार्थांच्या यादींतून काढला. ठराव २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या मतांनीं झाला, आणि त्या सत्तावीसांत भारत होता. पुढच्याच वर्षीं, स्वतःच्या वापरापुरता अल्प माल बाळगणें गुन्हा समजूं नये अशी सूचना केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानें केल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें होतें.

आणि ज्याला हानि-न्यूनीकरण म्हणतात, म्हणजे व्यसन सुटेपर्यंत निदान त्यापासून होणारी इजा कमी करणें, तें तत्त्व तर सरकारनें केव्हांच पत्करलें आहे. सुईनें मादक द्रव्य टोंचून घेणारांत एड्सचा फैलाव होऊं लागला, तेव्हां सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमांतूनच त्यांना स्वच्छ सुया दिल्या जाऊं लागल्या, आणि अफूवर्गीय नशेऐवजीं जिभेखालीं ठेवावयाची गोळी आली. कायदा ज्याला गुन्हेगार म्हणतो त्यालाच सरकारी केंद्रांत सुई मिळते. हें विसंगत दिसेल, पण त्यानें माणसें वांचतात.

गांजासाठीं अशी बदली गोळी नाहीं. तेथें हानि कमी करावयाची ती मुख्यतः खऱ्या माहितीनें. ती माहिती अशी : कोवळ्या वयांत सुरुवात झाली तर धोका सर्वांत मोठा, कारण मेंदूची वाढ विशीच्या पुढेंहि चालूच असते. ज्याच्या घराण्यांत वेडाचा आजार आहे त्यानें या वाटेला मुळींच जाऊं नये. अशा माणसांत संशय, भास, कानांत आवाज हीं लक्षणें गांजानें उफाळतात. चिलमींत तंबाखू मिसळण्याची आपल्याकडे चाल आहे, तिनें एकाऐवजीं दोन व्यसनें जडतात. छापीचें ओलें फडकें धूर थंड करतें, निर्विष करीत नाहीं. आणि एकच चिलीम दहा तोंडीं फिरते तेव्हां क्षयासारखा रोग पसरण्यास ती चांगलें साधन होते. ओढल्यावर मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवूं नये, दारूबरोबर तर नकोच. भांग पोटांतून चढते, तिला तास-दीड तास लागतो. 'अजून कांहींच झालें नाहीं' म्हणून दुसरा पेला घेणाराचीच अधिक फजिती होते. रोज ओढणारानें एकदम सोडलें तर झोंप उडते, चिडचीड होते, भूक मरते, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत हें सर्वांत जास्त असतें. मग पोर 'गांजावांचून जगूं शकत नाहीं' असें घरच्यांना वाटतें. धीर धरला आणि कोणी आधार दिला तर हें ओसरतें.

किती लोकांचा हा प्रश्न आहे ? सामाजिक न्याय मंत्रालयासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. वर्षभरांत भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारें ३ कोटि १० लाख आढळले. त्यांतील बहुसंख्य भांग घेणारे. त्या व्यसनापायीं मदतीची गरज असलेले सुमारें ७२ लाख. तुलनेसाठीं सांगतों कीं दारूपायीं मदतीची गरज असलेले पावणेसहा कोटींच्या घरांत होते. म्हणजे गांजा घेणारे दहा माणसांतील सात-आठ जणांना डॉक्टरची गरज नाहीं, आणि ज्या दोघां-तिघांना आहे ते, आपण पाहिलें तसे, डॉक्टरसमोर खालीं पाहतात.

आतां पुन्हां बारामतीकडे येऊं. येथें २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे. पुण्यास येरवड्याला 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति केंद्र आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनीं पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साह्यानें १९८६ सालीं तें सुरू केलें, आणि व्यसनी माणसाशीं माणसासारखें वागण्याचा पाठ महाराष्ट्राला दिला. परंतु इंदापूरहून पुणें सव्वाशें-दीडशें किलोमीटर. रोजगार बुडवून दर आठवड्यास तेथें कोण जाणार? फडावर कोयता चालविणाऱ्या बीडकडच्या ऊसतोड मजुराला तर तें अशक्यच. त्याची टोळी हंगामापुरती येते आणि पट्टा पडला कीं परत जाते. म्हणून उपचार येथेंच, तालुक्याला, मिळाले पाहिजेत, आणि त्यासाठीं मोठी इमारत लागत नाहीं. आठवड्यांतून ठरलेल्या दिवशीं बसणारा एक समुपदेशक, न रागावतां प्रश्न विचारणारा एक डॉक्टर, आणि चौसष्ट-अ कलमाचा अर्थ सोप्या मराठींत सांगणारी, केसपेपरच्या खिडकीजवळ टांगलेली एक पाटी, एवढ्यानें सुरुवात होऊं शकते.

आणखी एक कायदा या आईच्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारू व मादक द्रव्यांपासून होणारे मानसिक विकार आजारांत गणले आहेत, आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचें बंधन उपचार करणारांवर घातलें आहे. रुग्णाला सांखळीनें बांधून ठेवणें त्याच कायद्यानें निषिद्ध आहे. व्यसन सोडविण्याच्या नांवाखालीं कोठें पोरांना कोंडून मारीत असतील, तर त्या घराला केंद्र म्हणूं नये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मनापासून येतो म्हणून त्याचा आदर करतों. तालमींतला वस्ताद म्हणेल, शाळेचे गुरुजी म्हणतील, "पोलिसांचा धाक गेला तर पोरें उघड ओढूं लागतील." धाकाचा उपयोग नाहीं असें मी म्हणत नाहीं. पण धाक कोणाला बसला तें पाहा. विकणारा आडरानांत नवा फड शोधतो, त्याला धाकाची संवय झालेली असते. धाक बसतो तो आईला, आणि तिच्यामुळें डॉक्टरला खरें कळत नाहीं. गुरुजींनीं विक्रेत्याची खबर पोलिसांना जरूर द्यावी. विद्यार्थ्याची खबर मात्र आधीं त्याच्या घरीं आणि मग दवाखान्यांत जावी.

ज्यांना तालुक्याच्या दवाखान्यांतहि ओळखीचें कोणी भेटेल अशी लाज वाटते, त्यांच्यासाठीं दूरध्वनीचे दोन सरकारी क्रमांक सांगून ठेवतों. पेन्सिल हाताशीं घ्या. व्यसनमुक्तीसाठीं १४४४६. मानसिक आरोग्यासाठीं १४४१६. येथें मराठींत बोलतां येतें. दोहोंत चौथ्या आंकड्याचाच काय तो फरक. घाईंत एकाऐवजीं दुसरा लागला, तर फोन खालीं ठेवूं नका. जो उचलील त्यालाच मुलाची हकीकत पहिल्यापासून सांगा.